वृद्धाश्रमात मावश्या टिकत नाहीत. स्वयंसेवकांवर भागेल का?

कृष्णाकाठ
सांगली-मिरजेच्या वृद्धाश्रमांत मावश्या-मामा, म्हणजे म्हाताऱ्यांचं सगळं करणारी पगारी माणसं, टिकत नाहीत. तेच काम घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत कुणाच्या घरी केलं तर चार पैसे जास्त सुटतात. मग एनएसएसची (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं, बचत गट, निवृत्त मंडळी यांच्या पाळ्या का लावू नयेत? केरळात मलप्पुरम भागात शेजाऱ्यांनीच पॅलिएटिव्ह सेवेचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, जाळं उभं केलंय. आठवड्याला किमान दोन तास देणारा माणूस, त्याला १६ तासांचं प्रशिक्षण, वर चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसोबत.

मिरजेची सिस्टर
दादा, हिशेब करा. एका जागी चोवीस तास माणूस हवा म्हणजे वर्षाला ८,७६० तास. एनएसएसच्या मुलाचे वर्षाला १२०. एक जागा भरायला ७३ मुलं, आणि त्यातली काही रात्री दोनला येणारी! मुलं येणार चहाच्या वेळेला. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची. असे आठ जण असले तर दिवसाला ९६ वेळा, तेही बहुतेकदा दोघांनी मिळून. रात्र चुकली की माकडहाडावर लाल चट्टा. बोटाने दाबूनही लाली फिकी पडली नाही, तर जखम सुरू झाली समजा. आणि केरळच्या पथकात पगारी नर्स असते. ते घरोघरी भेटी देतात, आश्रमाची पाळी भरत नाहीत.

कऱ्हाडकर
ताई, कूस बदलायला त्यांना कोण सांगतंय? जेवण द्या त्यांच्याकडे. गिळायला त्रास असलेल्या एकाला भरवायला अर्धा तास सहज जातो. एकटी मावशी चौघांना भरवते, घाई होते, ठसका तिथंच लागतो. माणसाला ताठ बसवा, कवळी घातलीय का बघा, हनुवटी जरा खाली, अर्धाच चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. पातळ आमटीपेक्षा मऊ भात बरा, पातळ ते पटकन श्वासनलिकेत जातं. आवाज ओला, घरघरता झाला की थांबून मावशीला हाक मारायची. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. दोन्ही वेळच्या जेवणाला चार माणसं आली तरी मावशी डायपर आणि पाठ बघायला मोकळी.

पलूसचा द्राक्षवाला
बचत गटाचं नाव घेण्याआधी कॅलेंडर बघा. ऑक्टोबर छाटणी, विरळणी, पुढं माल उतरवणं. कारखान्यांचा गळीत हंगामही तेव्हाच. हजेरी बुडवून बाई फुकट राबायला येणार नाही, येऊही नये. सेवा म्हटलं की बायकाच कशा आठवतात, राव? शिवाय फुकटची माणसं दिसली की संस्थाचालक रिकामी जागा भरायचं पुढं ढकलतो.

मिरजेची सिस्टर
भरवण्याचं मान्य. पण उचलणं आणि गोळ्या देणं स्वयंसेवकाकडे नको. अर्धांगवायूच्या माणसाला काखेत हात घालून ओढलं की खांदा निखळतो. लघवीची पिशवी तर व्हीलचेअरवर हमखास मांडीवर ठेवतात; मूत्राशयापेक्षा वर गेली की लघवी उलट फिरते आणि संसर्ग होतो. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय कुणालाही खोलीत एकटं सोडायचं नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे पाळ्या लावायला, गैरहजेरीत बदली शोधायला एक पगारी समन्वयक लागणार. देणगीतून ठेवू.

पलूसचा द्राक्षवाला
देणगी तेवढी जमत असेल, तर त्या पगारात आधी रात्रपाळीची मावशी ठेवा की.