झाड कोसळलं तर महापालिका जबाबदार? टॉर्ट्सच्या (नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांच्या कायद्याच्या) प्रॉब्लेमचं उत्तर कसं लिहायचं?

एलएलबी_पहिलं_वर्ष: सरावाच्या पेपरात असा प्रॉब्लेम आहे: जुलैत माटुंग्याच्या फुटपाथवर महापालिकेचं झाड कोसळून पादचारी मरतो. तीन महिने आधी रहिवाशांनी वॉर्ड ऑफिसात खोड पोखरल्याची लेखी तक्रार दिली होती. सुभगवंती (१९६६) खटला लावायचा की राजकोट (१९९७)? दोन्ही सुप्रीम कोर्टाचे, पण निकाल उलटे: पहिल्यात महापालिका जबाबदार, दुसऱ्यात नाही.

माटुंगा_वकील: दोन्ही लिहा, पण तथ्यं ताडून. सुभगवंतीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा पडला. वय सुमारे ८० वर्षं, त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५. मनोरा एकट्या महापालिकेच्या ताब्यात होता, म्हणून रेस इप्सा लॉक्विटर (घटनेवरूनच हलगर्जीपणाचं अनुमान काढण्याचं तत्त्व) लागलं. राजकोटमध्ये झाड अचानक पडलं आणि ते पडेल हे आधी ओळखता येण्याजोगं होतं, असं कोर्टाला वाटलं नाही. तुमच्या प्रॉब्लेममध्ये परीक्षकाने तक्रार उगाच घातलेली नाही! राजकोटचा निकाल ज्या मुद्द्यावर उभा आहे, तोच तिने हलतो. अर्धं उत्तर तिथेच खर्च करा. बहुतेक मुलं डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या काळजी घेण्याच्या कर्तव्यावरच्या मूळ खटल्यातली बाटलीतली गोगलगाय पानभर लिहितात, त्याला दोन ओळी पुरेत.

टॉर्ट्स_शिकवतो: कारणसंबंध सोडू नका, मार्क तिथेच जातात. बार्नेट खटल्यात डॉक्टरने रुग्णाला तपासलंच नाही. तो हलगर्जीपणा ठरला, तरी दावा फेटाळला गेला, कारण तपासलं असतं तरी आर्सेनिकच्या विषबाधेतून रुग्ण वाचला नसता. इथेही विचारा: पाहणी झाली असती तर पोकळ खोड दिसलं असतं का? तीन महिन्यांत झाड तोडता आलं असतं का? महापालिका ‘ॲक्ट ऑफ गॉड’ (अनपेक्षित नैसर्गिक आपत्ती) म्हणेल. पण मुंबईत जुलैचा पाऊस अनपेक्षित कसा?

एलएलबी_पहिलं_वर्ष: मग रेस इप्सा लावायचंच नाही?

माटुंगा_वकील: पर्यायी मुद्दा म्हणून लावा. महापालिकेला धोका माहीत होता याचा थेट पुरावा हातात असताना अनुमानावर उत्तर उभं करू नये. शेवटी मुदत लिहा: मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ५२७ प्रमाणे आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. नोटीस उशिरा दिली की बाकी सगळं बरोबर असूनही दावा अडतो.