जुन्या एसयूव्हीच्या पुढच्या डाव्या बाजूचा खडखडाट : चारही शॉकअब्सॉर्बर बदलूनही जात नाही

कुंभार्लीकर

नमस्कार. माझ्याकडे २००९ सालची, १ लाख ६८ हजार किलोमीटर चाललेली डिझेल एसयूव्ही आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून गाडीच्या वयाचा आहे. रचना मात्र सांगतो : वेगळ्या चासीवर बसवलेली बॉडी, पुढे दुहेरी विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली असे दोन आर्म) आणि खालच्या आर्मला जोडलेले टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे), मागे अखंड अ‍ॅक्सल, पाच लिंक आणि कॉइल स्प्रिंग. गाडी चिपळुणात असते, महिन्यातून दोन-तीन वेळा कुंभार्ली घाटातून कराडला जाते, आणि जुलै २०२१ च्या पुरात ती निम्मी चाके बुडतील इतक्या पाण्यात उभी होती.

वीस-तीसच्या वेगाने खडबडीत रस्त्यावरून जाताना पुढच्या डाव्या बाजूने सतत खट्खट् आवाज येतो. ब्रेक लावताच गाडी किंचित डावीकडे ओढते. डाव्या पुढच्या टायरची आतली कड उजव्यापेक्षा लवकर झिजली आहे, आणि सत्तरच्या पुढे वेग गेला की मागचा भाग डुलल्यासारखा वाटतो. एका गॅरेजमध्ये चारही शॉकअब्सॉर्बर बदलून घेतले, पण आवाजात फरक पडला नाही. आता तेथे दोन्ही बाजूंचे खालचे आर्म बदलून टॉर्शन बार आवळून देतो, असे सांगत आहेत. पुन्हा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे घरच्या घरी कितपत ओळखता येईल?

जुना पाना

शॉकअब्सॉर्बर खराब झाला की गाडी एका धक्क्यानंतर दोन-तीनदा हेलकावते, टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात, किंवा नळीवरून तेल ओघळते. आपण लिहिलेल्या पुढच्या बाजूच्या लक्षणांत यांपैकी एकही नाही, त्यामुळे तो खर्च अंदाजाने झालेला दिसतो. त्यातही नवा शॉकअब्सॉर्बर बसवताना वरची नट सैल राहिली असेल, तर अगदी असाच आवाज येतो, म्हणून आधी बॉनेट उघडून ती नट तपासा.

आवाज कोणत्या हालचालीला येतो, हे ठरवल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापणाऱ्या गतिरोधकावरून सावकाश सरळ जा, म्हणजे दोन्ही पुढची चाके एकाच वेळी उचलली जातील, आणि नंतर केवळ डावे चाक खड्ड्यात घाला. दोन्ही चाके बरोबर उचलली जातात तेव्हा दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या, गाडीचे कलणे रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला पीळ बसत नाही. त्यामुळे पहिल्या वेळी आवाज नसेल आणि दुसऱ्या वेळी असेल, तर संशय बारची टोके जोडणाऱ्या लिंक रॉडवर किंवा बारच्या बुशवर (सांध्यातल्या रबरी अस्तरावर) जातो. खात्रीसाठी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून, तारेने नीट बांधून, त्याच रस्त्याने पंधरा-वीसच्या वेगाने एक फेरी मारा. अशी गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही चाचणी घाटात करायची नाही.

बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोळ्याचा सांधा) तपासताना बहुतेकजण जॅक चासीखाली लावतात आणि तेथेच फसतात. आपल्या गाडीत वजन टॉर्शन बारमधून खालच्या आर्मवर येते, म्हणजे भार वाहणारा जॉइंट खालचा आहे. जॅक त्याच आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावा, म्हणजे जॉइंटवरचा भार उतरेल आणि त्याची ढिलाई लपणार नाही. मागच्या चाकांना ठोकळे, आधाराला घोडी, आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरायचे नाही. मग चाक वर-खाली धरून हलवा आणि टायरखाली पहार घालून उचलून पाहा. खेळ (ढिलाई) जाणवला, तर सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा : खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडे धरून हलवताना खेळ असेल, तर स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडची टोके बघावी लागतील.

मोजपट्टी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त टॉर्शन बार आवळण्याच्या प्रस्तावाबद्दल लिहितो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. अ‍ॅडजस्टर (बारच्या टोकाचा जुळवणीचा बोल्ट) आवळल्याने बार कडक होत नाही. त्याची कडकपणाची मात्रा जाडी, लांबी आणि पोलादावर ठरते, आणि आवळल्याने केवळ गाडीची उंची वाढते. उंची प्रमाणाबाहेर नेली, तर आर्म खाली झुकतात, चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म रबरी स्टॉपवर आपटून नवाच आवाज सुरू होतो.

सपाट फरशीवर, सर्व टायरांत ठरलेली हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा. डावी बाजू खाली बसली असेल, तर आपल्या टायरची झीजही उलगडते, कारण या रचनेत गाडी खाली बसली की चाकाचा माथा आत कलतो आणि आतली कड घासते. कडेवरून हात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर मात्र दोष टो-इनचा, म्हणजे वरून पाहता चाके पुढे किती आत वळलेली आहेत त्याचा, आहे. उंचीला हात लावण्यापूर्वी खालच्या आर्मची बुशे आणि टॉर्शन बारची मागची पकड असलेला क्रॉसमेंबर (चासीची आडवी पट्टी) पाहा. कोकणातल्या दमट हवेत, त्यातही पुरानंतर, तेथे गंज असणे मुळीच अशक्य नाही. हातोडीने हलके ठोकून बघा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आधी चासीचे काम.

बुशे बदलणार असाल, तर गॅरेजमध्ये एक गोष्ट समोर उभे राहून करवून घ्या. बुशांमधून जाणारे आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकत असताना अंतिम ताकदीने आवळायचे नाहीत. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. लटकत्या स्थितीत आवळले, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवी बुशे काही महिन्यांत फाटतात. चाकांवर पूर्ण वजन आल्यावर शेवटचे आवळणे करावे. बार काढण्याआधी अ‍ॅडजस्टर बोल्टचे किती आटे बाहेर आहेत, तेही मोजून लिहून ठेवा.

तिसरा गिअर

डावीकडे ओढण्याचे खापर लगेच आर्मवर फोडू नका. पुराच्या पाण्यानंतर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकतात, आणि ओढ नेहमी ज्या बाजूचा ब्रेक नीट लागतो त्या बाजूला असते, म्हणजे अडकलेला कॅलिपर उजवाही असू शकतो. मागचा भाग डुलण्यासाठी पॅनहार्ड रॉडची (मागचा अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) दोन्ही टोके पाहा : उभ्या गाडीला एकाने बाजूने ढकलायचे, दुसऱ्याने खालून बघायचे.

कुंभार्लीकर

तीन रविवार गेले, पण उत्तर मिळाले. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या नटा घट्ट होत्या. गतिरोधकावर आवाज नव्हता, एका चाकाच्या खड्ड्यात होता. लिंक रॉड सोडवल्यावर खट्खट् पूर्ण थांबली, पण ब्रेक लावताना एक जड ‘धप्’ उरला, जो आधी त्या खडखडाटात ऐकूच येत नव्हता. बॉल जॉइंट दोन्ही घट्ट निघाले. डाव्या खालच्या आर्मचे मागचे बुश मात्र रबर सुटून नळीत मोकळे फिरत होते, आणि ब्रेक लावला की आर्म मागे सरकताना दिसत होता. कॅलिपर दोन्ही मोकळे आहेत, क्रॉसमेंबरवर वरवरचाच गंज आहे.

आर्म न बदलता केवळ बुशे आणि दोन्ही लिंक रॉड बदलले, बोल्ट गाडी जमिनीवर असताना आवळून घेतले. उंचीतला फरक १८ मिलिमीटरवरून ११ वर आला, उरलेला अ‍ॅडजस्टरने काढला आणि मग अलाइनमेंट केली. ओढ गेली. पॅनहार्ड रॉडचे चासीकडचे बुश फाटलेले आहे. ते कराडहून मागवले असून तोपर्यंत साठच्या पुढे जात नाही.