मदत हवी आहे: बेळगाव-खानापूर भागात सर्व्हे करतोय, लोक प्रश्न ऐकून नाही, विचारणाऱ्याला बघून उत्तर देतात. काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात एमए समाजशास्त्र करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधाला लोकमत चाचणी हा विषय घेतलाय, म्हणजे निवडणुकीत कोण येणार ते नव्हे, तर वेगवेगळ्या देशांत लोकांना शेजार, भाषा, सरकारवरचा विश्वास, बायकांची नोकरी असल्या गोष्टींवर जे प्रश्न विचारतात तेच आमच्या सीमाभागात विचारले तर काय उत्तरं येतात ते बघायचं. टीम वर्गातलीच आहे, काही मराठी घरातले, काही कन्नड, दोघी उर्दू बोलणाऱ्या. वडगाव, शहापूर, अनगोळ आणि खानापूर तालुक्यातली काही गावं घेतलीत. पायलटमधली, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीतली घरं झाली आणि तिथंच गाडं अडकलंय. जरा लांबेल, खरं पूर्ण वाचा प्लीज.

वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे म्हणून एक मोठा सर्व्हे आहे, १९८१ पासून जगभर चालू आहे. त्यात एक कार्ड दाखवतात, त्यावर वेगवेगळ्या लोकांची यादी असते, यातले शेजारी म्हणून कोण नकोत ते सांगा म्हणतात. यादीत दुसऱ्या धर्माचे, दारुडे, बाहेरच्या देशातून आलेले आणि 'वेगळी भाषा बोलणारे' हे पण असतात. हा प्रश्न मी हट्टानं घेतला कारण आमच्याकडे याच्यापेक्षा जवळचा प्रश्न कुठला असणार, इथं एकाच भिंतीच्या अल्याड मराठी घर आणि पल्याड कन्नड.

तर झालं काय, वडगावात एका विणकराच्या घरी गेले. मागच्या खोलीत माग खडखडतोय, मावशी पुढच्या खोलीत कांड्या भरत बसलेल्या. कार्ड हातात दिलं तर त्यांनी ते मांडीवर पालथं ठेवलं आणि आधी विचारलं, "कुठली गं तू? आडनाव काय?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "वेगळ्या भाषेचं नको बाई, आपलं माणूस ते आपलंच असतंय." मी टिक केली. तेवढ्यात शेजारची बाई नातवाला काखेत घेऊन आली, मावशींनी कांडी ठेवली, पोराला मांडीवर घेतलं आणि दोघी छान कन्नडमध्ये गप्पा मारत बसल्या, पोरगं मावशींना आज्जीच म्हणत होतं. माझ्या कागदावर मात्र यांना वेगळ्या भाषेचा शेजारी नको असं लिहून झालेलं.

पुढच्या गल्लीत आमचा कन्नड मित्र गेला, तिथली घरं पण मराठीच, त्यानं कन्नडमध्ये विचारलं तर घराघरात एकच उत्तर, "एनू तोंदरे इल्ल री." कुणाला कसलाच त्रास नाही. आता सांगा, खरं मत कुठलं धरायचं? मला वाटतंय दोन्ही ठिकाणी लोकांनी समोरच्याचं मन राखलं. यात त्यांचा दोष काही नाही, दारात आलेल्या पोराला कोण कशाला दुखवेल. खरं यावर मी "सीमाभागातले मराठी लोक असे आहेत" म्हणून प्रबंध लिहिला तर ते या लोकांवर अन्याय केल्यासारखं होईल, आधीच आमच्याबद्दल बंगळूरला आणि मुंबईला बसून काहीही लिहिलं जातंय.

बाहेरच्या देशांतलं वाचत गेले तर हीच अडचण सगळीकडे दिसली. निकाराग्वात १९९० च्या निवडणुकीआधी बऱ्याच चाचण्या सत्तेवरचे अध्यक्ष ओर्तेगा जिंकणार म्हणत होत्या, निकालात विरोधी आघाडीच्या व्हियोलेता चामोरो सुमारे ५५ विरुद्ध ४१ टक्क्यांनी आल्या. तिथं संशोधकांनी एक प्रयोग केला होता, मुलाखत तीच, प्रश्न तेच, फक्त लिहायचं पेन वेगळं. काहींच्या हातात ओर्तेगाच्या पक्षाचं पेन, काहींच्या हातात विरोधी आघाडीचं, काहींकडे कुठल्याच पक्षाचं नाही. विरोधकांचं पेन दिसलं तेव्हा चामोरो पुढे, बाकी दोन्ही पेनांना ओर्तेगा पुढे. म्हणजे साधं पेन बघून पण लोक सरकारचाच माणूस आलाय समजून बोलत होते! हे वाचल्यावर मी टीमकडे नीट बघितलं. एकाच्या ओळखपत्राची दोरी कन्नड झेंड्यासारखी लाल-पिवळी, एकाच्या गाडीवर शिवाजी महाराजांचा मोठा स्टिकर, एकीच्या डोक्यावर हिजाब. दोरी बदलता येईल, गाडी गल्लीच्या तोंडाला लावता येईल, खरं आडनाव आणि बोलायची ढब कुठं बदलणार? आणि हिजाब काढ म्हणून मी मैत्रिणीला सांगणार नाही, तो विषयच नाही.

दुसरी अडचण सरकारची. अफ्रोबॅरोमीटर म्हणून आफ्रिकेतल्या देशांत १९९९ पासून सर्व्हे चालतात, ते मुलाखतीच्या शेवटी विचारतात की आम्हाला कुणी पाठवलंय असं तुम्हाला वाटतं. मी पण तो प्रश्न शेवटी घातला. कॉलेजचं पत्र दाखवूनसुद्धा बरेच जण म्हणाले सरकारनं. २०२५ मध्ये राज्य सरकारच्या सामाजिक-शैक्षणिक सर्व्हेला शिक्षक घरोघरी फिरून गेलेत, त्यामुळे हातात कागद दिसला की तेच डोक्यात येतंय. खानापूरकडं एक काकू तर दारातच म्हणाल्या, "आमचं गृहलक्ष्मीचं दोन हजार बंद करायला आलाय काय?" (कर्नाटक सरकार घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला पैसे देतंय ती योजना.) आता त्यांना मी सरकारवर विश्वास किती विचारलं तर त्या पूर्ण विश्वास म्हणणारच.

आणि तिसरं म्हणजे सीमाप्रश्न. १९५६ पासूनचा विषय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो न विचारता इथलं लोकमत म्हणून काय लिहायचं? गाईड सर म्हणतात सोडून दे. मला सोडायचं नाही, खरं कसा विचारायचा तेही कळत नाही. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात सरकारनं आधी "स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा याच्याशी तुम्ही सहमत आहात का" असा प्रश्न सुचवला होता, निवडणूक आयोगानं लोकांवर तपासून बघितला आणि 'सहमत आहात का' काढायला लावलं, कारण त्यानं माणूस हो कडं झुकतो. तिथं नुसतं तेवढ्या शब्दांवर एवढी चर्चा, आणि आमच्या पहिल्या मसुद्यात सगळे प्रश्न 'सहमत आहात का' नेच सुरू होतायत.

वर्गातले काही म्हणतात गूगल फॉर्म करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाक. ते मला अजिबात पटत नाही. १९३६ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं २० लाखांच्या वर उत्तरं जमवून लँडन जिंकणार सांगितलं आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नुसता ढीग मोठा असून उपयोग नाही. ती कांड्या भरणारी मावशी माझ्या फॉर्मवर कधीच येणार नाही.

तर कुणी असं काम केलं असेल तर सांगा, कुठल्या घरी कुणाला पाठवायचं, मराठी घरात मराठीच पोरगी पाठवू काय? आणि सीमेचा प्रश्न कसा विचारू?

प्रतिसाद, फिल्डवाला:

ताई, मी काही वर्षं उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात सर्व्हेची फिल्डची कामं केलीत, त्यावरून सांगतो.

मराठी घरात मराठीच पाठवलं तर तुमची चूक दिसायची बंद होईल, जाणार नाही. त्यापेक्षा कोण कुठल्या घरी जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. भाषा मात्र घरच्यांनी निवडायची, त्यासाठी दोन्ही बोलणारी पोरंच घ्या. प्रत्येक फॉर्मवर विचारणारा कोण, कुठल्या भाषेत विचारलं, बाजूला कोण बसलं होतं हे लिहा. मग शेवटी कन्नड पोरानं विचारलेली मराठी घरं आणि मराठी पोरीनं विचारलेली मराठी घरं समोरासमोर ठेवा. तो फरक हाच तुमच्या प्रबंधाचा जीव आहे, तो लपवू नका. हिजाबवाल्या मैत्रिणीचं पण तसंच, कैरोमध्ये याच्यावर अभ्यास झालाय, हिजाब घातलेल्या बाईनं विचारलं की धर्माबद्दलची उत्तरं बदलतात. तिला काही बदलायला सांगू नका, फॉर्मवर नोंद पाहिजे बस.

घरं निवडायला मतदार यादी घ्या आणि ठराविक अंतरानं नावं उचला, निवडणुकीचे सर्व्हे करणारे लोकनीती-सीएसडीएसवाले तसंच करतात. यादीतलं नाव आलं की त्याच माणसाशी बोलायचं, दारात जो भेटेल त्याच्याशी नाही. मत कुणाला दिलं हा प्रश्न ते तोंडी विचारत नाहीत, चिन्हांची चिठ्ठी देतात आणि माणूस खूण करून घडी घालून डब्यात टाकतो. सीमेच्या प्रश्नाला तुम्ही हेच करा, नाहीतर यादीची पद्धत वापरा. अर्ध्या लोकांना चार गोष्टी वाचून दाखवा आणि यातल्या किती व्हाव्यात वाटतं तेवढा आकडाच विचारा, कुठल्या ते नाही. उरलेल्या अर्ध्यांना त्याच चार अधिक सीमेची पाचवी. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवीला हो म्हणणारे. कुठल्याच एका माणसाचं मत तुम्हाला पण कळत नाही, त्यामुळे तो मोकळा असतो. फक्त चारही गोष्टी सगळ्यांना हव्याशा ठेवू नका, नाहीतर माणूस "पाचही" म्हणाला की उघडा पडला. एक-दोन अशा घाला ज्याला बरेच जण नको म्हणतील.

प्रतिसाद, निपाणीकर:

वरच्या सरांचं बरोबर आहे, खरं एक सांगतो, यादीच्या पद्धतीला माणसं जास्त लागतात. साध्या प्रश्नाला ४०० जणांवर ५ टक्के इकडंतिकडं होतंय, १००० घेतले तर ३. यादीत २०० आणि २०० चे दोन गट केले तर फरक २० टक्क्यांपर्यंत हलू शकतो, मग त्यातून काय सांगणार? ४०० च घरं होणार असतील तर चिठ्ठी आणि डबा बरा.

आणि बायकांना विचारायचं तर सासरे किंवा नवरा कट्ट्यावर असताना नको. आमच्याकडं तंबाखूच्या घरात दुपारी बायका एकत्र बसलेल्या असतात, तिथं एकीला विचारलं की सगळ्या तेच उत्तर देतात. बाजूला घ्या, पाणी पाजा, मग विचारा. ऊसतोडीच्या दिवसांत गावात जाऊ नका, अर्धं गाव शेतात असतंय.

धागाकर्ती:

दोघांनाही मनापासून धन्यवाद, फिल्डवाले सर, चिठ्ठ्या टाकून घरं वाटायचं आजच टीमला सांगितलं, सगळ्यांना पटलं, कन्नड मित्र तर म्हणाला आता माझ्या फॉर्मची पण किंमत होईल. निपाणीकर काका, आम्ही ४०० च्या वर जाऊ शकणार नाही, त्यामुळे सीमेला डबाच करतो, गाईड सरांना पण डबा म्हटल्यावर जरा धीर आला. 'सहमत आहात का' सगळीकडून काढलं, आता चिठ्ठीवर "हा भाग कुठल्या राज्यात असावा?" आणि खाली कर्नाटक, महाराष्ट्र, दोन्हीपैकी कुठंही चालेल, सांगायचं नाही असे चार चौकोन. अर्ध्या चिठ्ठ्यांवर कर्नाटक वर, अर्ध्यांवर महाराष्ट्र वर. शेजाऱ्यांचा प्रश्न मी काढणार नाही, खरं त्याच्यामागं अजून एक जोडलाय, शेजारी वेगळ्या भाषेचे असतील तर त्यांच्या घरी तुमचं येणंजाणं आहे काय. मावशींच्या घरी मी जे बघितलं ते कागदावर यायला पाहिजे.

एक राहिलं. अक्षर न येणाऱ्यांना चिठ्ठीवर काय द्यायचं? निवडणुकीला चिन्हं असतात, इथं राज्याला चिन्ह कुठलं देणार, झेंडे छापले तर निकाराग्वाच्या पेनाचंच होईल. बसचे फोटो द्यावेत काय, कर्नाटकची बस आणि महाराष्ट्राची एसटी तर सारख्याच दिसतील म्हाताऱ्या माणसांना. नुसते दोन वेगळ्या आकाराचे चौकोन-गोल द्यावेत आणि तोंडी सांगावं असा विचार आहे, खरं लक्षात राहील काय हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा, आणि मराठी-कन्नड दोन्ही नीट वाचणारं कुणी असेल तर मेसेज करा, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचून द्या.