गल्ला भाषा कशामुळे टिकली आणि आता का मागे पडते आहे?

अमळनेरचा वाचक: नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांच्या किनारपट्टीवर व बेटांवर बोलली जाणारी गल्ला भाषा धोक्यात आहे, असे वाचले. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या वंशजांची ही भाषा आहे. तिचे बहुतेक शब्द इंग्रजी असले, तरी घडण आणि उच्चारांवर आफ्रिकी भाषांची छाप आहे. आपल्या घरांतूनही अहिराणी मुलांशी बोलणे थांबत चालले आहे, म्हणून विचारतो: ती इतकी वर्षे कशी टिकली, आणि आता तिचे बोलणारे का घटत आहेत?

धुळे, शेतकरी: दादा, याचे उत्तर बरेचसे जमिनीत आहे. तिथल्या मळेवाल्यांना भातशेती जाणणारी माणसे हवी होती, म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या आसपासच्या भात पिकवणाऱ्या मुलखातून लोक आणले गेले. दलदलीतल्या हिवतापाच्या भीतीने अनेक मालक उन्हाळ्यात दूर राहात, त्यामुळे या लोकांचा गोऱ्यांशी संबंध कमी आला आणि बेटांवर त्यांचीच भाषा चालत राहिली. यादवी युद्धानंतर पुष्कळांनी तिथेच जमिनी घेतल्या. हिल्टन हेड बेटावर 1956 मध्ये पूल झाला, पुढे पर्यटकांची वसाहत आणि गोल्फची मैदाने आली. मृत्युपत्राविना वारसांकडे आलेली ही जमीन सामाईक असे, आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखी. एका वारसाचा हिस्सा बाहेरच्याने घेतला की न्यायालयामार्फत सगळीच विकायला लावता येई. शेजार उठला, तेव्हा भाषा बोलायची तरी कोणाशी?

जळगाव, निवृत्त शिक्षिका: जमिनीचा मुद्दा मान्य आहे, परंतु तिरस्काराने केलेले नुकसान मला त्याहून मोठे वाटते. गल्ला म्हणजे बिघडलेली इंग्रजी, असे विद्वानही म्हणत. लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात गावोगावी ध्वनिमुद्रणे केली आणि 1949 च्या ग्रंथात तिचे आफ्रिकी मूळ पुराव्यानिशी मांडले. त्याने अमेलिया डॉली या गल्ला बाईंकडून घेतलेले एक गीत सिएरा लिओनमधल्या मेंडे भाषेतले निघाले, आणि 1990 च्या सुमारास ते तिथल्या एका गावात अंत्यविधीशी जोडलेले गीत म्हणून सापडले. ही नोंद झाली नसती, तर तो धागा कायमचा तुटला असता. बायबलच्या नव्या कराराचा गल्ला अनुवाद 1979 मध्ये सुरू होऊन 2005 मध्ये छापून आला, आणि 2006 मध्ये अमेरिकी संसदेने या किनारपट्टीला वारसा-क्षेत्राचा दर्जा दिला. हार्वर्डमध्येही आता ती शिकवली जाते. हे सारे मोलाचे आहे, पण आई लेकराशी ती बोलली नाही तर विद्यापीठ काय करणार?

चाळीसगावची ताई: 2011 च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली, म्हणजे आपली अहिराणी धरून, 18 लाखांहून अधिक लोक मोजले आहेत, आणि अनेकांनी मराठीच नोंदवली असणार. तरीही या आकड्यावर आपण निर्धास्त होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर म्हणायची आणि कानबाई देवीच्या उत्सवात रात्री गायची गाणी ज्या आज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांची ध्वनिमुद्रणे आपण गावोगावी करावीत. गाणारीचे गाव, प्रसंग आणि अर्थ यांची नोंद त्याबरोबरच व्हावी. आपल्या भागातून कोणी सोबत येणार असल्यास इथेच कळवावे.