परदेशातली सेवा: आधी भाषा की आधी साक्ष?

परतवाड्याची सिस्टर
आमच्या चर्चच्या मंडळीतली एक नर्स पोरगी टांझानियात, म्वान्झाकडच्या मिशन दवाखान्यात दोन वर्षांसाठी चालली आहे. पाळकसाहेब म्हणतात, दुभाषा घे आणि पहिल्या रविवारपासून साक्ष दे, म्हणजे येशूवरच्या आपल्या विश्वासाबद्दल लोकांपुढे बोल. माझं मत उलट आहे. तिथली स्वाहिली भाषा नीट येईपर्यंत तिनं आपण होऊन येशूबद्दल बोलू नये, नुसती सेवा करावी. मेळघाटात नोकरी केली म्हणून सांगते. कोरकू बाईला आपण सिरप कसं द्यायचं ते समजावतो, आशाताई कोरकूत सांगते. आपली पाच वाक्यं, तिचं एक. बाई मान डोलावते. आठ दिवसांनी घरी जावं तर बाटलीचं सील तसंच. औषधाची ही गत, तर क्षमा आणि पुनरुत्थान कसं पोचणार?

वरूडचा संत्रावाला
सिस्टर, मले नाही पटलं. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी 1793 मध्ये बंगालात उतरले, तवा त्याईले बंगाली कुठं पक्की येत होती? रामराम बसूले मुन्शी, म्हंजे भाषेचा मास्तर, ठेवलं अन् बोलाले लागले. चुकतमाकतच माणूस शिकते. दोन वर्सातलं एक वर्स व्याकरणात गेलं तर उरलं काय?

परतवाड्याची सिस्टर
भाऊ, त्याच कॅरींच्या हातून पहिल्या बंगाली माणसाचा, कृष्ण पालचा, बाप्तिस्मा झाला 1800 च्या डिसेंबरात. मधल्या सात वर्षांत भाषा मुरली. आणि बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 14 काढा. पौल आणि बर्णबा हे प्रेषित लुस्त्र गावात गेले, तेव्हा लोक त्यांना बघून आपल्या लुकवनी भाषेत ओरडले, देव माणसाच्या रूपानं उतरले म्हणून. पुजारी बैल आणि माळा घेऊन आला, तेव्हा कुठे पौल-बर्णबाला उमगलं आणि त्यांनी कपडे फाडले. पौलासारख्याची ही अवस्था झाली, आपली पोरगी तर नवखी.

धारणीकर
मी ख्रिस्ती नाही, कोरकू आहे, तरी बोलतो. आमच्या पाड्यावर सरकारचा माणूस येवो, संस्थेचा येवो की धर्माचा, सोबत दुभाषा असतोच आणि आम्ही "हो" म्हणतो. नाही म्हटलं तर गोळ्या मिळतील का, ही धास्ती असते. सिस्टर, तुमची पोरगी उद्या फाडफाड स्वाहिली बोलली तरी खाटेवरच्या पेशंटला ही धास्ती राहणारच. तिथे देवाचा विषय तिनं काढूच नये. पेशंटनं विचारलं तर गोष्ट वेगळी.

वरूडचा संत्रावाला
धारणीकर भाऊ, खाटेपाशी नको, हे शंभर टक्के मान्य. मी उपासनेचं बोलून राहिलो. तिथं मंडळ्या पहिलेपासून हायेत, दुभाषा त्याईच्यातलाच विश्वासी राहीन. त्याले आपल्या लोकाईले कसं सांगाचं हे आपल्याहून जास्त कळते. अन् सिस्टर, म्वान्झाकडे सुकुमा लोकं. खेड्यातल्या म्हातारीले सुकुमा भाषाच जवळची. स्वाहिली शिकूनही दुभाषा लागनच.

परतवाड्याची सिस्टर
सुकुमाचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग त्या विश्वासी माणसालाच बोलू द्या की! आपल्या पोरीनं बाकावर बसून ऐकावं, गाणी शिकावी, वॉर्डातल्या आयांकडून रोजचं बोलणं उचलावं. रविवारच्या सभेत मी हेच मांडणार आहे: पहिले सहा महिने साक्ष नाही, आणि वॉर्डात तर कधीच नाही.

वरूडचा संत्रावाला
वॉर्डाचं मान्य. सहा महिन्याले माझा विरोध. मीही येतो सभेले.