लिनक्स डेस्कटॉपशिवाय सुरू करायचंय. आणि एडिटर कोणता शिकू?

खडूफळा: नमस्कार मंडळी. शाळेत २ जीबी रॅमचा जुना पीसी आहे, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप. मुलांच्या फाइली ठेवायला तो सर्व्हर म्हणून वापरायचाय, मॉनिटर काढूनच टाकणार. मग डेस्कटॉपने रॅम का अडवावी? जुन्या पुस्तकात म्हटलंय, ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या इनिटटॅब फाइलमध्ये पाचाचा तीन करा. नॅनो एडिटरने उघडली तर कोरी करकरीत! माझ्या हातून काही उडालं का? आणि नॅनो शिकू की व्हिम?

जुनी_पाटी: सर, काही उडालेलं नाही. ती फाइल तुमच्याकडे मुळातच नाही. नसलेल्या फाइलचं नाव दिलं की नॅनो नवी फाइल उघडतो, खाली 'न्यू फाइल' लिहून येतं. काही न लिहिता कंट्रोल-एक्स दाबून बाहेर या.

पुस्तकातले ते आकडे म्हणजे रनलेव्हल: ३ म्हणजे डेस्कटॉपशिवाय सुरू करा, ५ म्हणजे डेस्कटॉपसह. ही जुन्या इनिटची, म्हणजे बूट होताना बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामची भाषा. डेबियन ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, त्याच्या जागी सिस्टमडी आहे. तिनाच्या जागी मल्टी-यूजर टार्गेट, पाचाच्या जागी ग्राफिकल टार्गेट.

पण थेट कायमचा बदल करू नका, आधी एकदा करून बघा. पीसी सुरू होताना ग्रबचा (लिनक्स बूट करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अगदी शेवटी जाऊन एक स्पेस, मग इंग्रजी तीनचा आकडा, मग कंट्रोल-एक्स. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता. काही बिनसलं तर रीस्टार्ट करा, पूर्वीसारखं होईल. लॉगिन आणि नेटवर्क दोन्ही तपासा. वायफाय असेल तर जास्तच, कारण डेस्कटॉपवर साठवलेला पासवर्ड कधीकधी त्या यूजरपुरताच असतो आणि लॉगिन झाल्याशिवाय जोडणी होत नाही. मी तर केबलच लावा म्हणेन.

सगळं नीट वाटलं की:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट

परत यायचं तर याच ओळीत शेवटी ग्राफिकल.टार्गेट.

रानवारा: एडिटर नॅनोच घ्या. खालच्या दोन ओळींत सगळ्या कळा दिसतात. टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोल. कंट्रोल-ओ आणि एंटर म्हणजे सेव्ह, कंट्रोल-डब्ल्यू म्हणजे शोध, ऑल्ट-यू म्हणजे अनडू. तुमच्या कामाला एवढं पुरे.

तरी व्हीआयमधून (व्हिमचा जुना पूर्वज) बाहेर पडणं शिकून ठेवाच, दुसऱ्या कुठल्या मशीनवर तेवढाच मिळू शकतो. एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर: काहीही सेव्ह न होता बाहेर. आणि ईटीसीमधल्या कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी सीपी या कॉपीच्या कमांडने तिची प्रत काढा. ही सवय मात्र आजपासूनच.

खडूफळा: जमलं! केबल लावली, फ्री कमांडने पाहिलं तर रॅम बरीच मोकळी झालीय. फक्त 'सातवी_गणित' सारख्या मराठी नावांच्या जागी चौकटी दिसतात. फाइली बिघडल्या का?

जुनी_पाटी: अजिबात नाही. लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही, नावं डिस्कवर शाबूत आहेत. ऑफिसातल्या दुसऱ्या पीसीवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय) आत शिरा, तिथल्या टर्मिनलमध्ये अक्षरं दिसतील. एसएसएच सर्व्हर टाकला नसेल तर मॉनिटर काढण्याआधी टाका.