कांदा उतरतो, मग मजुरी का उतरत नाही?

टॉवेलवाला
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टेरी टॉवेलचे आठ माग आहेत. ऑर्डरी थंडावल्यात, गोदामात गठ्ठे पडून. सूतवाला भाव कमी करायला तयार, टेम्पोवालाही. फक्त मजुरीचा दर तिथंच. वडील म्हणतात, "दराचं नाव काढू नको." का, ते सांगत नाहीत. बाजार समितीत कांदा सकाळी एका भावानं जातो, दुपारी दुसऱ्या. आणि इथं काम मागणारे दारात उभे असूनही मजुरी हलत नाही. असं कसं ओ?

निवृत्त मास्तर
कांद्याला राग येत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मंदी होती, तेव्हा ट्रुमन ब्यूली या अर्थतज्ज्ञानं ३०० हून जास्त लोकांना, त्यात बहुतेक कंपन्या चालवणारे, जाऊन हेच विचारलं. उत्तर साधारण एकच: पगार कापला तर माणसाचं मन कामातून उडतं, आणि चांगला माणूस आधी जातो. तुमच्याकडे बघा. दर कापलात तर कुणी भांडणार नाही. धागा तुटला तर तो जरा उशिरा बांधला जाईल. सेकंडचा, म्हणजे दोष असलेला माल वाढेल, आणि दोष तुम्ही सुताला द्याल.
केन्स या अर्थतज्ज्ञानं १९३६ मध्ये आणखी एक सांगितलं होतं: कामगार आपली मजुरी शेजारच्याशी ताडून बघतो. एकट्या तुमच्याकडे दर उतरला, तर तो शेजारच्या शेडमध्ये जाईल. तुमची उचल तो मालक फेडेल.

विडी घरकुल
मालकांच्या बाजूनं बरं वाटतंय वाचायला. माझी आई विडी वळते. हजारी दर कमी झाल्याचं मलातरी आठवत नाही. पण धंदा मंदावला की पान-तंबाखूच कमी देतात. हजाराच्या जागी सहाशेचंच काम. वर छाट वाढते: कालपर्यंत चालणारी विडी आज "बारीक आहे" म्हणून बाजूला. दर तोच, शनिवारी हातात पैसे कमी. याला मजुरी उतरली नाही म्हणायचं का?

टॉवेलवाला
ताई, बोललात ते लागलं. आम्हीही रात्रपाळी बंद केलीय, माणसं आलटून पालटून बोलावतो. दिवाळीनंतरची दरवाढही यंदा दिली नाही.

निवृत्त मास्तर
त्यावर कुणी बोललं?

टॉवेलवाला
नाही. तेल-डाळ महागली तरी नाही. दर आठ आण्यांनी कमी केला असता, तर मात्र दुसऱ्या दिवशी माग बंद पडले असते.